आरोग्यविज्ञान शिक्षण व संशोधन, पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील

पुणे शहराच्या उत्तरेस व वायव्येस पसरलेल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव दाभाडे व चाकण या औद्योगिक पट्ट्यात वैद्यक व तत्संबद्ध शास्त्रांचे जे शिक्षण व संशोधन चालते, त्याचा बराच भाग नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतो. १९९८ साली स्थापन झालेल्या या सार्वजनिक विद्यापीठाचे अधिकारक्षेत्र संपूर्ण महाराष्ट्र राज्य हे आहे. अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षा घेणे व पदव्या देणे ही कामे विद्यापीठ करते. प्रत्यक्ष अध्यापन मात्र राज्यभर विखुरलेल्या महाविद्यालयांत व त्यांना जोडलेल्या रुग्णालयांत होते. ही रुग्णालये बहुतांशी विद्यापीठाने उभारलेली नाहीत. शासन, महानगरपालिका, सैन्यदल व धर्मादाय न्यास यांनी ती निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या हेतूंनी उभारली. त्यामुळे एखाद्या प्रदेशातील आरोग्यविज्ञान शिक्षणाचा इतिहास हा बव्हंशी तेथील रुग्णालयांचा इतिहास असतो आणि पिंपरी-चिंचवडच्या बाबतीत तो कामगारवस्तीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण १८४५ मध्ये मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयापासून सुरू झाले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर पदवी देण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ मध्ये उभे राहिले आणि त्याच्या आश्रयाने १८७८ मध्ये बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळा निघाली. या शाळेतून पदवीधर नव्हे, तर परवानाधारक वैद्य बाहेर पडत. वैद्यांचे हे दोन वर्ग असू नयेत, अशी शिफारस सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये केली व त्याच वर्षी पुण्याच्या शाळेचे महाविद्यालयात रूपांतर झाले. १९४८ मध्ये सैन्यदलांचे वैद्यकीय महाविद्यालय पुण्यात आले आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर पुण्यातील वैद्यकशिक्षण त्याच्या कक्षेत गेले. या काळात वैद्यक ही सर्वसाधारण विद्यापीठातील अनेक विद्याशाखांपैकी एक होती. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, संख्याशास्त्र यांचे विभाग त्याच विद्यापीठात असत, हा या व्यवस्थेचा लाभ होता. तो प्रत्यक्षात किती घेतला गेला, हा प्रश्न वेगळा.

पिंपरीस आरोग्यविज्ञान आले ते मात्र महाविद्यालयाच्या रूपाने नव्हे, तर कारखान्याच्या रूपाने. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन केली व १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातील देशातला हा पहिला औषध कारखाना होय. त्यापूर्वी पट्ट्यात उद्योग नव्हते असे नाही. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ पासूनचा आहे. परंतु संशोधनशाळा बरोबर घेऊन आलेला उद्योग हाच पहिला. या संशोधनशाळेत एम्. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवांचा शोध घेऊन १९६० नंतरच्या वर्षांत हॅमायसीन हा कवकनाशक प्रतिजैव पदार्थ मिळविला. ज्या सूक्ष्मजीवापासून तो मिळाला, त्याला स्ट्रेप्टोमायसीझ पिंप्रिना असे नाव देण्यात आले. पिंपरी या खेड्याचे नाव जगाच्या सूक्ष्मजीवविज्ञानात असे कायमचे नोंदले गेले. पिकांच्या कवकजन्य रोगांवर उपयोगी पडणारे ऑरिओफंगीन हेही याच संशोधनाचे फळ. कंपनीची शोधपत्रिका १९५८ मध्ये सुरू झाली. मूलभूत संशोधन, उत्पादन व प्रकाशन असे तीन घटक एकाच आवारात असताना त्यांच्याशेजारी रुग्णालय व अध्यापनसंस्था मात्र त्या काळी नव्हती. पिंपरीत तयार झालेले औषध विद्यार्थी पाहत ते पुण्याच्या किंवा मुंबईच्या रुग्णकक्षात. पुढे ही कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि अध्यापन पिंपरीत आले, तेव्हा संशोधनशाळेचा बहराचा काळ सरला होता. दोहोंची गाठ पडली असती, तर येथील वैद्यकशिक्षणास निराळे वळण लागले असते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली व त्यानंतर मोटारी, दुचाकी वाहने, यंत्रसामग्री व त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी येथे झपाट्याने वाढले. १९७० मध्ये या गावांची मिळून नगरपालिका झाली व १९८२ मध्ये महानगरपालिका. मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्रातील दुष्काळी तालुके आणि परराज्ये यांतून आलेल्या कामगारांच्या औषधोपचाराची सोय प्रथम पुण्यावर अवलंबून होती. कर्मचारी राज्य विमा योजनेचे रुग्णालय चिंचवडला मोहननगर येथे निघाले. पण विम्याच्या कक्षेत न येणारी हंगामी व कंत्राटी कामगारांची कुटुंबे त्याच्या बाहेर राहिली. त्यांच्यासाठी महानगरपालिकेने पिंपरीस संत तुकारामनगर येथे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय बांधले. सु. ७५० खाटांचे हे रुग्णालय पट्ट्यातील सर्वांत मोठे सार्वजनिक रुग्णालय असून खेड, मावळ व जुन्नर या तालुक्यांतील रुग्णही तेथे येतात. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १७,२७,६९२ होती.

दरम्यान राज्यातील वैद्यकशिक्षणाचे स्वरूप पालटत होते. १९८३ नंतर विनाअनुदान तत्त्वावरील खाजगी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. लोणी व कराड येथील वैद्यकीय महाविद्यालये १९८४ मधील आहेत. महाविद्यालयांची संख्या वाढली, तशी सर्वसाधारण विद्यापीठांची अडचण वाढली. वैद्यकाच्या परीक्षांना प्रत्यक्ष रुग्ण, बाह्य परीक्षक व ठरावीक काळातच संपणारे प्रशिक्षण लागते. कला व वाणिज्य शाखांच्या वेळापत्रकाशी त्यांचा मेळ बसत नाही. शिवाय एकाच राज्यात प्रत्येक विद्यापीठाचा अभ्यासक्रम थोडाफार निराळा असे. आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार या शाखांची स्थिती तर याहून विस्कळीत होती. आरोग्यसेवेच्या मनुष्यबळाचा विचार करणाऱ्या जे. एस्. बजाज समितीने राज्यांत आरोग्यविज्ञानांची स्वतंत्र विद्यापीठे स्थापावीत, अशी शिफारस केली. आंध्र प्रदेशाने विजयवाडा येथे १९८६ मध्ये असे विद्यापीठ काढले. त्यामागून तमिळनाडूने व १९९६ मध्ये कर्नाटकाने तोच मार्ग धरला. महाराष्ट्राने जून १९९८ मध्ये अध्यादेशाने महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना केली व नंतर त्याचे अधिनियमात रूपांतर झाले. दयानंद डोणगावकर हे पहिले कुलगुरू होत. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद व युनानी, होमिओपॅथी आणि तत्संबद्ध आरोग्यविज्ञाने अशा विद्याशाखा एका विद्यापीठात आल्या. मुख्यालय मुंबईत वा पुण्यात न ठेवता नाशिकजवळ म्हसरूळ येथे नेण्यात आले आणि मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आदी ठिकाणी विभागीय केंद्रे उघडण्यात आली.

या विद्यापीठाने परीक्षांना एकसारखेपणा आणला, हे त्याचे निर्विवाद कार्य. गडचिरोलीजवळचा व पुण्याचा विद्यार्थी एकाच प्रश्नपत्रिकेस बसू लागला. परंतु अभ्यासक्रम एक झाला, तरी रुग्ण एक होत नाहीत. आणि वैद्यकाचा विद्यार्थी शिकतो तो मुख्यतः रुग्णाच्या खाटेपाशी. विद्यापीठाच्या हाती परीक्षा आल्या, रुग्णालये आली नाहीत, ही त्याच्या रचनेतील मूळ मर्यादा पिंपरी-चिंचवडमध्ये विशेष स्पष्ट दिसते.

पट्ट्यातील पहिली आधुनिक वैद्यकीय महाविद्यालये नव्या विद्यापीठाच्या थोडी आधीची आहेत. तळेगाव दाभाडे येथे १९९५ मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेचे महाविद्यालय निघाले आणि तेथील जुन्या सर्वसाधारण रुग्णालयाचा आधार त्याला मिळाला. पिंपरीस डॉ. डी. वाय्. पाटील वैद्यकीय महाविद्यालय १९९६ मध्ये सुरू झाले. निगडी येथे पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचे आयुर्वेद महाविद्यालय आहे. तळेगाव व निगडी येथील संस्था नाशिकच्या विद्यापीठाशी संलग्न झाल्या. पिंपरीच्या महाविद्यालयाचा मार्ग २००३ मध्ये वेगळा झाला. त्या वर्षी त्याच्या मातृसंस्थेस विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाखाली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभिमत विद्यापीठ स्वतःच परीक्षा घेते, स्वतःच पदवी देते; राज्याच्या विद्यापीठाचा त्यावर अधिकार चालत नाही. लोणी व कराड येथील संस्थांनीही असाच दर्जा घेतला. सर्व आरोग्यविज्ञाने एका छत्राखाली आणण्यासाठी विद्यापीठ स्थापन झाले आणि पाच-सात वर्षांतच काही मोठ्या संस्था छत्राबाहेर पडल्या, असा हा क्रम आहे.

याचा परिणाम संत तुकारामनगरात पाहावयास मिळतो. एकाच वसाहतीत दोन मोठी रुग्णालये आहेत : एक महानगरपालिकेचे, दुसरे अभिमत विद्यापीठाचे. महानगरपालिकेने आपल्या रुग्णालयात पदव्युत्तर संस्था काढली आणि ती नाशिकच्या विद्यापीठाशी संलग्न केली. त्यामुळे दोन्हीकडे पदव्युत्तर विद्यार्थी शिकतात, रुग्णही बहुतांशी त्याच कामगारवस्त्यांमधून येतात. मात्र पदव्या दोन विद्यापीठांच्या, शुल्काचे मान वेगळे आणि परीक्षक वेगळे. २०१६ पासून प्रवेशासाठी देशभर एकच पात्रता परीक्षा सक्तीची झाल्याने प्रवेशाच्या बाबतीतील अंतर काहीसे कमी झाले; शुल्काचे तसे झाले नाही.

नगरपालिकेच्या पैशाने वैद्यकशिक्षण द्यावे काय, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई महानगरपालिकेने १९२६ मध्येच शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय सुरू केले होते. ठाणे महानगरपालिकेचे महाविद्यालय १९९२ मधील, तर पुणे महानगरपालिकेचे २०२२ मधील आहे. पिंपरी-चिंचवडचे वैशिष्ट्य असे, की येथे पदवीपूर्व महाविद्यालयाऐवजी एकदम पदव्युत्तर शिक्षणापासून आरंभ झाला. त्यामागील कारण व्यवहारी होते. रुग्णांची गर्दी मोठी व पगारी तज्ज्ञ टिकत नाहीत, अशा रुग्णालयात निवासी वैद्य मिळण्याचा तोच खात्रीचा मार्ग असतो. पदव्युत्तर विद्यार्थी रात्रपाळी करतो, अपघाती रुग्ण प्रथम तोच तपासतो. शिक्षण व सेवा यांची ही सांगड उपयुक्त असली, तरी ती ओढाताणीचीही असते. २०२० मध्ये कोविड-१९ ची साथ आली तेव्हा हे रुग्णालय काही काळ केवळ त्या रोगाच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले. शस्त्रक्रिया, अस्थिरोग किंवा स्त्रीरोग शिकण्यासाठी आलेले निवासी वैद्य महिनोन्‌महिने एकाच रोगाची शुश्रूषा करीत राहिले. विद्यापीठालाही परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या वर्षांतील विद्यार्थ्यांचे जे शिक्षण राहून गेले, ते कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदले गेलेले नाही.

संशोधनाच्या बाबतीत विद्यापीठाचे पुणे विभागीय केंद्र औंध येथील उरो रुग्णालयाच्या आवारात आहे. औंध हे पुण्याचे उपनगर असले, तरी नदीपलीकडे लगेच सांगवी व पिंपरी-चिंचवडची हद्द लागते. क्षयरुग्णांसाठी उभारलेल्या या जुन्या आवारात विद्यापीठाने आनुवंशिकी, प्रतिरक्षाविज्ञान, जीवरसायनशास्त्र व पोषण या विषयांचा विभाग चालविला. संलग्नता देणारे विद्यापीठ स्वतःचे संशोधक बाळगते, हे त्यामुळे दिसून आले. पण पट्ट्यातील सर्वांत परिणामकारक संशोधन विद्यापीठाबाहेरच्या संस्थेत झाले, हेही नमूद केले पाहिजे. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने १९९२ मध्ये भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. या संस्थेने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. वेश्याव्यवसायात नसलेल्या ज्या स्त्रिया तपासणीस आल्या, त्यांच्यापैकी १३·६ टक्के स्त्रियांत एचआयव्हीचा संसर्ग आढळला. त्यांपैकी बहुतेक विवाहित होत्या व पतीखेरीज कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. हा रोग ‘इतरांचा’ आहे, या समजुतीला या आकड्याने जबर धक्का दिला आणि प्रतिबंधक कार्यक्रमांना कुटुंबाचा विचार करणे भाग पडले. एचआयव्हीविरोधी लशीची भारतातील पहिली मानवी चाचणी २००५ मध्ये याच संस्थेत सुरू झाली. संस्थेचे नाव पुढे बदलून त्यात विषाणुविज्ञानाचा समावेश करण्यात आला.

या पट्ट्याने जो विषय आरोग्यविज्ञानास सर्वाधिक द्यावयास हवा होता, तो मात्र अभ्यासक्रमात कडेला राहिला. इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहून, रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत ‘तुझा धंदा कोणता?’ या प्रश्नाची भर घालावी, असे सुचविले होते. ओतशाळेतील वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, घणाच्या व दाबयंत्रांच्या गोंगाटाने येणारा बहिरेपणा, रंगकामातील द्रावकांचे विषारी परिणाम, पत्रा कापताना चिरडणारी बोटे हे सर्व मोटार उद्योगाचे नित्याचे सोबती आहेत. सिलिकोसिस व क्षय यांची लक्षणे मिळतीजुळती असल्याने धंद्याची चौकशी न करणारा वैद्य पहिल्याला दुसरा समजून औषध देतो आणि रोगी पुन्हा त्याच धुळीत कामास जातो. पदवी अभ्यासक्रमात व्यवसायजन्य आरोग्य हे सामाजिक वैद्यकातील एक प्रकरण आहे. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामगारांची नियमित वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरली. तथापि या कामासाठी वैद्यास लागणारे औद्योगिक आरोग्याचे प्रमाणपत्र विद्यापीठांच्या पदव्यांतून नव्हे, तर श्रम मंत्रालयाच्या यंत्रणेतून मिळत आले. त्याचे मुख्य केंद्र मुंबईतील शीव येथील केंद्रीय श्रम संस्था हे होय. कारखान्याचा वैद्य एका मंत्रालयाचा, रुग्णालयाचा वैद्य दुसऱ्या विद्यापीठाचा, अशी ही विभागणी आहे.

चाकणमध्ये तिचा परिणाम अधिक जाणवतो. १९९९ नंतर दुचाकींचे, आणि २००९ पासून परदेशी मोटारींचे मोठे कारखाने तेथे आले. त्यांना सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने खेड तालुक्यातील गावोगावी पसरले. सार्वजनिक सोय म्हणून तेथे शासकीय ग्रामीण रुग्णालय आहे; गंभीर जखमी कामगारास पिंपरीस किंवा पुण्यास न्यावे लागते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करणे आवश्यक केले. औद्योगिक तालुक्यांतील अशा रुग्णालयांत या विद्यार्थ्यांनी अपघात व धुळीचे रोग यांची नोंद धंद्यानिशी ठेवावयास आरंभ केला, तर नाशिकच्या विद्यापीठाला या पट्ट्यातून असे संशोधनसाहित्य मिळेल, की जे पुण्याच्या मध्यवस्तीतील कोणत्याही रुग्णालयास पुरविता येणार नाही.