निवडुंगाला आवर कोणी घातला?

भिगवण, इंदापूर, बारामतीच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील मुलांना फड्या निवडुंग इथलाच वाटतो. त्याची लाल बोंडे खाऊन जीभ रंगवणाऱ्यांना तसे वाटणे साहजिक आहे. पण ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. कुंपणासाठी लावलेला निवडुंग कुंपण ओलांडून पसरला. तुटलेल्या फड्यालाही मुळे फुटतात, आणि त्याला खाणारे कीटक तर मायदेशीच राहिलेले!

आपल्याकडे त्याला आवर बसला तो एका चुकीतून. किरमिजी रंग देणारा कोचिनील कीटक ईस्ट इंडिया कंपनीला हवा होता. १७९५ साली तो ब्राझीलहून कलकत्त्याला आणला गेला. पण आला तो त्याचा रानटी भाऊबंद. रंग हलका निघाला, मात्र निवडुंगाची एक जात या किड्याने फस्त केली. फड्या निवडुंगाला त्याने तोंड लावले नाही. त्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून कोचिनीलची दुसरी जात आणावी लागली. तिने काही वर्षांतच दक्षिण भारतातील निवडुंगाची रानेच्या राने वाळवली.

ऑस्ट्रेलियात हे काम मुख्यतः एका पतंगाने केले. तेथे सुमारे ६ कोटी एकर जमीन निवडुंगाने व्यापली होती. १९२५ साली अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस या पतंगाची अंडी आणली गेली. मादी एकावर एक अंडी रचून काट्यासारखी काडी तयार करते. अळ्या मिळून फड्यात शिरतात, आतला गर खातात आणि उरलेला फडा कुजतो. १९३३ पर्यंत बहुतेक जमीन मोकळी झाली. क्वीन्सलंडमधील बूनार्गा येथे लोकांनी या पतंगाच्या नावाने सभागृह बांधले.

हाच पतंग १९५७ साली कॅरिबियन बेटांवर सोडला गेला. १९८९ मध्ये तो फ्लोरिडात आढळला आणि तेथील मूळच्या निवडुंगांवर तुटून पडला. मेक्सिकोत तर निवडुंग ही रोजची भाजी! तेथील बेटांवर २००६ मध्ये पोचलेला पतंग मोठ्या प्रयत्नांनी नष्ट करावा लागला.

हा प्रश्न आपल्याही दारात आहे. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने दुष्काळी भागासाठी काटेविरहित निवडुंगाचा चारा म्हणून प्रसार केला आहे. तो लावणाऱ्या शेतकऱ्याला कोचिनील ही कीडच वाटणार. म्हणून कीटक सोडण्याआधी तो आणखी काय खाईल, आणि पुढे कोठे जाईल, हे तपासावे लागते.

विद्यार्थ्यांसह जवळचा निवडुंग पाहावा. फड्यावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले, तर एक ठिपका काडीने चिरडावा. लाल रंग आला, तर तो कोचिनील समजावा. बारीक काट्यांपासून मात्र हात जपावेत.