डीएनएची थरथर आणि पाण्याचा गोंगाट

आज इतिहास आहे, पण राजे-लढायांचा नाही. डीएनए थरथरतो, तर ती थरथर मोजायची कशी, या प्रश्नाचा इतिहास.

डीएनए म्हणजे पीळ दिलेली दोन पेडांची दोरी. १९७०च्या दशकात अमेरिकेत अर्ल प्रोहोफ्स्की यांनी गणित मांडलं: ही अख्खी दोरी पिळवटते, फाकते, मिटते. यातल्या बऱ्याच हालचाली टेराहर्ट्झच्या आसपास. १ टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपनं, ३.५ गिगाहर्ट्झच्या ५जीच्या जवळपास ३०० पट!

तेव्हा या पट्ट्यात मोजणारी सोयीची यंत्रं नव्हती. मग खालच्या मायक्रोवेव्ह पट्ट्यात शोध सुरू झाला. १९८४मध्ये एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की पाण्यातला डीएनए ठरावीक मायक्रोवेव्ह लहरी जास्त शोषतो. खळबळ उडाली. म्हणजे रेडिओलहरी थेट डीएनएला हलवतात की काय?

१९८७मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळांनी तेच मोजून बघितलं. ती शिखरं सापडलीच नाहीत. फॉस्टर यांच्या गटानं तर दाखवलं, की मोजणीच्या साधनातूनही तसाच आलेख उमटू शकतो. आपल्या भाषेत, बग कोडमध्ये नव्हता, टेस्ट सेटअपमध्ये होता.

२०००मध्ये मार्केल्झ आणि सहकाऱ्यांनी टेराहर्ट्झच्या स्पंदांनी डीएनए तपासला, तोही वाळवून. कारण पाणी या लहरी पिऊन टाकतं, एक मिलिमीटर थरसुद्धा पुरतो. हवेतली वाफही आलेखात आपल्या रेषा घुसडते. जुलैत कपडे न वाळणाऱ्या आपल्या रत्नागिरीच्या हवेत तर विचारूच नका! म्हणून यंत्राभोवती पेटी करून त्यात कोरडा नायट्रोजन सोडतात. टेराहर्ट्झवर काम करणारी प्रयोगशाळा आपल्याकडेही आहे, मुंबईत कुलाब्याला, टीआयएफआरमध्ये.

आणि निकाल? लांब डीएनएत सुटी शिखरं नाहीत, नुसता चढत जाणारा उतार. २००२मध्ये फिशर, वॉल्थर आणि येप्सन यांना स्पष्ट शिखरं दिसली, पण ती डीएनएच्या सुट्या घटकांच्या कोरड्या स्फटिकांत.

तेव्हा ‘टॉवर डीएनए हलवतो’ असा फॉरवर्ड आला की तीन प्रश्न विचारा. कुठली फ्रिक्वेन्सी? नमुना ओला की कोरडा? आणि दुसऱ्या कुणाला तेच सापडलं का? १९८४चा दावा तिसऱ्या प्रश्नावर पडला होता.

भेटूया पुढच्या भागात!