अर्धपचित गहू आणि ज्वारीचा मुलूख

नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या रोजची भाकरी ज्वारीची, आणि गव्हाची पोळी बहुधा सणासुदीची. ज्वारीत ग्लुटेन नसते. म्हणून ग्लुटेनजन्य आंत्ररोगाचा, म्हणजे सीलिअॅकचा, इतिहास या मुलखातून पाहू लागले असता त्याचे स्वरूप काहीसे निराळे दिसते.

या रोगाचे पहिले आधुनिक वर्णन सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये केले. गहू हे त्याचे कारण असल्याचे डच बालरोगतज्ज्ञ डिके यांनी १९५० च्या प्रबंधात दाखविले. १९४४-४५ च्या हॉलंडमधील दुष्काळाने त्यांना हे सुचविले, अशी आख्यायिका आहे. परंतु त्यांचा संशय त्यापूर्वीचाच होय.

खरा पेच १९५९ मध्ये उभा राहिला. फ्रेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेप्सिन व ट्रिप्सिन यांनी ग्लुटेन अंशतः पचवून रुग्णांस दिले, तरी अपाय टळला नाही. मग अनेकांनी असा तर्क केला की रुग्णाच्या आतड्यात एखादे पाचकद्रव्य उणे असावे. हा तर्क सुबोध होता, आणि बराच काळ टिकला. तो चुकीचा ठरावयास पुढे चार दशके लागली. १९९३ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी रुग्णांच्या आतड्यातून ग्लियाडिनला प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी वेगळ्या केल्या. २००२ मध्ये तेहतीस अमिनो आम्लांचा एक तुकडा सापडला. प्रोलिन व ग्लुटामिन यांनी भरलेला हा तुकडा जठर, स्वादुपिंड व आतडे यांच्या पाचकरसांस दाद देत नाही. तो निरोगी माणसाच्याही पोटात तसाच उरतो! भेद पचनात नसून त्या तुकड्याच्या स्वागतात आहे. आतड्यातील ट्रान्सग्लुटामिनेज त्यात बदल घडविते, आणि डीक्यू-२ वा डीक्यू-८ हे अनुवंशिक घटक असलेल्या काहींच्या प्रतिकारसंस्थेस तो शत्रू वाटतो.

उत्तर भारतातील बालरुग्णांचे वृत्त १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ च्या अखिल भारतीय पाहणीत प्रौढांतील सीलिअॅकच्या प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तरेत शेकडा १.२३, ईशान्येस ०.८७ व दक्षिणेत ०.१० आढळले, अनुवंशिक घटक मात्र तिन्हीकडे सुमारे एकतृतीयांश लोकांत होते. रोजचा गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. पण ईशान्येतही तो अवघा ३७ ग्रॅम होता. तेव्हा गव्हाच्या मापावर सगळे सोडविणे आम्हास घाईचे वाटते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये शिधापत्रिकेवरचा गहू आता ज्वारीच्या मुलखातही पोहोचतो. इस्लापूरसारख्या ठिकाणी कृश, पांडुरोगी मूल आले की कुपोषण हे निदान प्रथम सुचते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण सीलिअॅकचा संशय घेऊन रक्त तपासावयाचे झाल्यास, ते मूल भाकरीवर वाढले की पोळीवर, हे आधी विचारावे लागते. ग्लुटेन पोटातच गेले नसेल, तर प्रतिपिंडेही सापडणार नाहीत.