भिलाईचा उन्हाळा आणि तापणारा संगणक

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे पोलादाचे शहर आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारण्यात आलेल्या येथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. मे महिन्यात येथील पारा ४४ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. अशा दिवसांत घरातील किंवा दुकानातील संगणक काम करता करता अचानक बंद पडला, तर व्हायरसचा संशय घेऊन यंत्र फॉरमॅट करण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यात साठवलेली माहिती पुसली जाते आणि मूळ दोष मात्र कायम राहतो.

वास्तविक असा बंद पडलेला संगणक बहुधा बिघडलेला नसतो. तो स्वतःचा बचाव करीत असतो. प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता थर्मल पेस्टच्या पातळ थरातून धातूच्या हीट सिंककडे आणि तेथून पंख्याच्या साहाय्याने हवेत जाते. अनेक प्रोसेसरांची तापमानमर्यादा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान असते. ती गाठली की प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो आणि तरीही ताप वाढत राहिल्यास यंत्र बंद होते. पंख्यावर चालणारी व्यवस्था खोलीतील हवेपेक्षा अधिक गारवा देऊ शकत नाही. त्यामुळे जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७५ अंशांवर स्थिर राहतो, तोच तेवढ्याच कामासाठी ४२ अंशांच्या खोलीत ९२ अंशांपर्यंत पोहोचतो. हिवाळ्यात लपून राहिलेला दोष उन्हाळ्यात उघड होतो, तो यामुळेच.

दुरुस्तीपूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी, कारण लिहिणे चालू असताना यंत्र बंद झाल्यास फाइल खराब होऊ शकते. त्यानंतर संगणक केव्हा बंद पडतो, याची नोंद घ्यावी. जड कामाला लागल्यावर दहा-वीस मिनिटांनी बंद पडत असेल, तर उष्णतेचा संशय बळावतो. सुरू केल्यावर मिनिटभरातच बंद पडत असेल, तर हीट सिंक सैल झाले असण्याची शक्यता असते. प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांनी बसविलेल्या हीट सिंकचा एखादा कोपरा निसटण्याचा प्रकार सर्रास आढळतो. दिवे मिणमिणताना बंद पडत असेल, तर वीजपुरवठा किंवा एसएमपीएस तपासावे. बायोसमध्ये तापमान पाहता येते. मात्र तेथे प्रोसेसर पूर्ण विश्रांतीत नसल्याने आकडा काहीसा जास्त दिसतो.

कॅबिनेटची बाजूची झडप काढून तेच काम करून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी होय. तापमान लक्षणीय उतरले, तर कॅबिनेटमधील हवा खेळती नाही असे समजावे. टेबलाचा बंद कप्पा, भिंतीला टेकलेली मागची बाजू किंवा धूळ बसू नये म्हणून घातलेले आणि काढायचे राहून गेलेले कापडी आवरण, यांपैकी काही कारण निघते. तापमान उतरले नाही, तर दोष हीट सिंक, त्यावरील पंखा किंवा पेस्टमध्ये शोधावा. झडप कायम उघडी ठेवणे हा उपाय नव्हे. धूळ वाढते आणि पालीही आत शिरतात.

औद्योगिक शहरातील धुळीत धातूचे कणही असू शकतात. असे कण विद्युतवाहक असल्याने सफाई केवळ गारव्यासाठीच आवश्यक नसते. वीजजोडणी काढून, यंत्र व्हरांड्यात नेऊन मऊ ब्रश व ब्लोअरने हीट सिंकच्या पात्यांमधील थर काढावा. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण झोताने भरधाव फिरल्यास त्याचे बेअरिंग खराब होते. एसएमपीएस मात्र उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्यात धोकादायक भार शिल्लक राहू शकतो.

पेस्ट वाळलेली असल्यास जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटाराच्या लहान दाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. जास्त लावल्याने लाभ होत नाही. एएमडीच्या एएम-४ पद्धतीच्या बोर्डांत हीट सिंक थेट वर ओढल्यास प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून यंत्र थोडे तापवून, बंद करून, हीट सिंक हलकेच फिरवत सोडवावे.

उन्हाळ्यात घरोघरी चालणारा वाळ्याचा कूलर खोलीचे तापमान उतरवून संगणकालाही मदत करतो. पण त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येता कामा नये, कारण ओलाव्याने धूळ पात्यांना चिखलासारखी चिकटते आणि पुढच्या सफाईत ब्लोअरने निघत नाही.