कसबा पेठ : नदी दाराशी, पाणी कात्रजचे

चिकपेठेत खरेदीला गेलेल्या मराठी माणसाला 'पेटे' हा शब्द परका वाटत नाही. केंपेगौडांनी १५३७ साली वसवलेल्या जुन्या बंगळुरात बळेपेट, अक्कीपेट, कुंभारपेट अशा धंद्यांवरून नावे पडलेल्या पेठा आहेत. १६३८ साली बंगळूर आदिलशाहीकडे गेले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुणे परगणाही त्यांच्याच जहागिरीतला. या धाग्याने यंदा पुण्यातील सर्वांत जुन्या वस्तीविषयी, म्हणजे कसबा पेठेविषयी, चार शब्द लिहीत आहे. मी पडलो रेल्वेतला डिप्लोमावाला, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. त्यामुळे लढायांपेक्षा उतार, पूल आणि पाणी यांकडेच माझे लक्ष जास्त जाते.

कसबा म्हणजे परगण्याचे मुख्य ठिकाण. ही वस्ती मुठेच्या उजव्या तीरावर, पूर्वेला नागझरीचा ओढा. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले. पुढे जिजाबाई व बाल शिवाजी येथे आले, गाव पुन्हा वसले, लाल महाल उभा राहिला. कसबा गणपतीचे मंदिर जिजाऊंनी बांधवले अशी परंपरा आहे. तोच पुण्याचा ग्रामदैवत गणपती आणि विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पहिला. शाहिस्तेखानावर एप्रिल १६६३ मध्ये छापा पडला तो याच लाल महालात. आज दिसणारी इमारत मात्र महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे, हे पाहायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पेठेची खरी ओळख तिच्या आळ्यांत आहे. नदीकडे कुंभारवाडा, तिथली कुंभार वेस, कागद करणाऱ्यांचा कागदीपुरा, बुरूड आळी, आणि तांबट आळी. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके देऊन जे चकचकीत ठिपके उमटवतात त्याला मठारकाम म्हणतात. त्याने भांडे नुसते शोभिवंत होत नाही, पत्रा घट्टही होतो. हंडे, घंगाळी, पाणी तापवायचे बंब येथून घरोघर जात. स्टेनलेस स्टील आले, गीझर आले आणि ठोक्यांचा आवाज कमी झाला.

आता पाण्याकडे वळतो. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, शहर वाढले आणि पाणी अपुरे पडू लागले. नदी तर दाराशी! मग नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास थेट कात्रजहून पाणी का आणले? कारण साधे आहे. नदी पेठेच्या खाली वाहते. तिचे पाणी वर चढवायला बैल, मोट, माणसे लागणार, आणि पावसाळ्यात ते गढूळ. कात्रज उंचावर आहे. तिथे तळी बांधून, जमिनीखालून दगडी नळ नेऊन, केवळ उताराच्या जोरावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आले. पंप नाही, इंधन नाही. वाटेत हवा खेळण्यासाठी आणि नळात उतरण्यासाठी उच्छ्वास ठेवले, गाळ बसण्याची सोय केली आणि जागोजागी हौद बांधले. आठ-नऊ किलोमीटर उतार साधायचा म्हणजे काय, हे रूळ टाकणाऱ्या माणसाला विचारा! काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे त्याच काळाची. फडके हौदाचा चौक कसब्यातच आहे.

इंग्रजी अमलात रेल्वे १८५८ साली पुण्यात आली, पण स्टेशन पेठांच्या बाहेर, पूर्वेला. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले आणि नळाचे पाणी मिळू लागताच हौदांकडे दुर्लक्ष झाले. शनिवारवाड्यापासून पलीकडे जाणारा पूल १९२३ साली झाला. त्याला छत्रपती शिवाजी पूल असे नाव आहे, तरी शंभरी उलटूनही पुणेकर त्याला 'नवा पूल'च म्हणतात.

१२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, मातीचे वाडे विरघळल्यासारखे बसले. कसब्याच्या खालच्या अंगाची घरेच्या घरे गेली. अनेक पूरग्रस्त गोखलेनगरसारख्या नव्या वसाहतींत गेले ते कायमचेच. खडकवासल्याचे नळ कोरडे पडले तेव्हा लोकांना तहान भागवायला जुन्या विहिरी आणि हौद पुन्हा आठवले. दोनशे वर्षांपूर्वीचे काम असे उपयोगी पडल्यावर तरी त्याची निगा राहायला हवी होती. झाले उलटेच. कात्रजच्या नळावर बांधकामे झाली, काही उच्छ्वास बुजले, कुठे सांडपाणी शिरले. पुरातत्त्वाची वस्तू म्हणून नव्हे, अडीअडचणीचा पाणीपुरवठा म्हणून तो नळ साफ ठेवावा असे मला वाटते.

नदीचेही तेच. अलीकडे मानाच्या गणपतींचे विसर्जन पात्रात नव्हे, घाटावरच्या हौदात होते. मुठेचे पाणी पाहिले की हा निर्णय योग्यच वाटतो, पण वाईटही वाटते.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली. ती मुठेच्या तळाखालून, काळ्या पाषाणातून जाते आणि कसबा पेठेला आता स्वतःचे स्थानक आहे. इकडे आपल्या बोम्मसंद्र्यालाही १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रो आली. गावी जाताना पुण्यात उतरलात तर रिक्षा करू नका. कसबा पेठ स्थानकावर उतरून गणपतीचे दर्शन घ्या आणि पायीच तांबट आळीत जा. तांब्याचा हंडा घ्यायचा असेल तर बाहेर बसलेल्या कारागिराकडूनच घ्या, आणि मठार हाताची आहे का हे विचारून घ्या.