सर्वस्वाचा पण आणि त्याची मर्यादा

व्यापारातील काही साहसांचे फळ दोनच प्रकारचे असते. एक तर घातलेले भांडवल अनेक पटींनी परत येते, नाही तर ते समूळ बुडते. अशा साहसाचा विचार करताना यशाचा संभव किती, हाच प्रश्न सामान्यतः विचारला जातो. परंतु आपल्या एकूण संपत्तीचा केवढा अंश पणास लावावा, हा दुसरा प्रश्न त्याहून निर्णायक आहे. या प्रश्नाची उकल कशी होत गेली आणि तिच्या प्रकाशात १८६५ च्या मुंबईतील अनर्थाचा अर्थ कसा लागतो, हे येथे पाहावयाचे आहे.

या विचाराचा पाया डॅनियल बर्नुली याने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीतर्फे १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात घातला. लाभाचे महत्त्व मनुष्याजवळ आधी असलेल्या संपत्तीच्या व्यस्त प्रमाणात असते, असे त्याचे गृहीत होते. त्याच्या उदाहरणातील सेम्प्रोनियसजवळ घरी ४,००० डुकाट असून ८,००० डुकाटांचा माल समुद्रापलीकडे आहे, आणि दहा जहाजांपैकी एक बुडते. साधी सरासरी घेतल्यास माल एका जहाजातून आणला काय किंवा दोहोंतून आणला काय, त्याचे मूल्य ७,२०० डुकाटच येते. बर्नुलीच्या रीतीने मात्र एका जहाजातील मालाचे मूल्य ६,७५१ व दोन जहाजांत विभागलेल्या मालाचे ७,०३३ भरते.

हाच विचार १९५६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या जे. एल. केली याने निराळ्या मार्गाने मांडला. पैजांची मालिका दीर्घकाळ चालणार असेल, तर संपत्तीच्या वाढीचा वेग महत्तम करणारा पणाचा एक ठराविक अंश असतो, असे त्याने दाखविले. समजा, एखाद्या साहसात पाचात एक वेळा रक्कम दसपट होऊन परत येते व उरलेल्या चार वेळा सर्व बुडते. सरासरीने येथे पैसा दुप्पट होतो. तरीही केलीच्या सूत्रानुसार पणास लावावयाचा अंश केवळ एक नवमांश येतो. प्रत्येक वेळी सर्वस्व लावणारा मनुष्य तिसऱ्या साहसानंतर सव्वाशेत एकदाच उभा राहील. सरासरी त्याच्या बाजूची असली, तरी नाश जवळजवळ निश्चित असतो.

आता मुंबईकडे वळू. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि कापसाच्या व्यापाराने मुंबईत अमाप पैसा आला. त्यातून नव्या बँका, वित्तसंस्था व समुद्र हटविणाऱ्या कंपन्या निघाल्या. १ जुलै १८६५ या दिवशी पुरे करावयाचे मुदतीचे सौदे ऐपतीपलीकडे होऊ लागले. म्हणजे पण सर्वस्वाच्याही पुढे गेला. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला, कापसाचे भाव कोसळले आणि २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला.

अनेक कंपन्यांचे शेअर घेणाऱ्यांनी माल अनेक जहाजांत विभागला होता, असे वरवर वाटेल. वस्तुतः ही सर्व जहाजे एकाच वादळाच्या वाटेवर होती. बर्नुलीचा लाभ जहाजांची संकटे परस्परनिरपेक्ष असतील तरच मिळतो. येथे मात्र बँकांची कर्जे शेअरांच्या तारणावर, शेअर कापसाच्या पैशावर, आणि कापूस युद्धावर अवलंबून होता.

या उपपत्तीच्याही मर्यादा आहेत. यशाची संभाव्यता अचूक कळते, हे केलीचे गृहीत बाजारात क्वचितच खरे ठरते. शिवाय दीर्घकालीन वाढ हेच प्रत्येकाचे ध्येय असले पाहिजे असे नाही, हा पॉल सॅम्युएल्सन यांचा आक्षेपही विचारार्ह आहे. परंतु या मर्यादांमुळे पण वाढविण्यास आधार मिळत नाही. संभाव्यतेचे ज्ञान जितके अनिश्चित, तितका पण लहान असावा, हेच त्यांतून निष्पन्न होते.

त्या काळचा अग्रगण्य सटोडिया प्रेमचंद रायचंद या पडझडीत धुळीस मिळाला. परंतु तेजीच्या भरात, १८६४ साली, त्याने मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी व मनोऱ्यासाठी चार लक्ष रुपये दिले होते. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई मनोरा त्यातून उभा राहिला. दानाचा हेतू अर्थातच हिशेबाचा नव्हता. तथापि पणातून वेळीच बाहेर काढलेला अंशच शेवटी टिकतो, हे गणित त्या वास्तूच्या इतिहासातही वाचता येते.