तार कोणाच्या भिंतीवरून?

कलकत्त्यात एप्रिल १८९९ मध्ये इमामबाग लेनच्या केंद्रातून वीज वाहू लागली. १९०२ मध्ये घोड्यांची ट्राम विजेवर धावली. पुढे वीज घरोघरी गेली आणि मीटरागणिक खाजगी झाली. विद्युत वाहनाने हा हिशेब मोडला आहे. गाडी माझी, पण चार्जरची तार सर्वांच्या भिंतीवरून जाते. पश्चिम बंगालचा सदनिका-मालकी कायदा १९७२ चा. तेव्हा हा प्रश्नच नव्हता. २०२४ च्या वीजग्राहक हक्क दुरुस्तीने चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीचा मार्ग मोकळा केला. वीज कंपनीशी असलेला वाद मिटला. शेजाऱ्याशी असलेला उरला. पहिल्या अर्जदाराला शिल्लक भार सहज मिळतो, भारवाढीचा खर्च मात्र उशिरा येणाऱ्याच्या माथी बसतो. म्हणून खर्चवाटपाचा ठराव पहिल्याच अर्जासोबत व्हावा, असे माझे मत आहे.